न वाजवलेला हॉर्न

निशिकांतराव जगताप सेंगकांगच्या फ्लॅटमध्येही पाऊल सपाट टाकून चालत. टाच आधी टेकवायची नाही, पावलं आखूड, अंग जरासं पुढे. बाहेर बत्तीस अंश आणि खाली फरशी कोरडी ठणठणीत. नात गार्गी हसून सिंगापुरी ढंगात म्हणायची,

"आजोबा, फ्लोअर ड्राय आहे, लाह. पेंग्विनसारखे काय चालता?"

"सवय मोडायची नाही," ते म्हणत. "मोडली की नेमकी हवी तेव्हा सापडत नाही."

सव्वीस वर्षं त्यांनी लडाखकडे जाणाऱ्या बर्फाच्या रस्त्यांवर गाड्या चालवल्या होत्या. तीन टनी ट्रक, टिप्पर, जीप, डोझर आणि शेवटी बर्फ कापून दूर फेकणारं यंत्र. बायको गेल्यावर मुलगी अनघा त्यांना सिंगापूरला घेऊन आली. इथे त्यांना काम नव्हतं. सकाळी खाली चार फेऱ्या मारायच्या, पिशवीभर भाजी आणायची आणि दुपारी खिडकीतून एलआरटी या छोट्या रेल्वेचे डबे जाताना बघायचे. गाडीला चालक नाही, ही गोष्ट त्यांना अजून पटली नव्हती.

बुधवारी रात्री जेवताना अनघा म्हणाली, "बाबा, एक विचारू? हसायचं नाही."

"विचार."

"बर्फावर गाडी घसरली तर चूक कोणाची?"

"सिंगापुरात बर्फ कुठून आला?"

"आईस कचांगच्या गोळ्यात असतो, आणि माझ्या गोदामात."

अनघा जुरोंगच्या एका शीतगोदामात ऑपरेशन्स मॅनेजर होती. आत मासळी, कोंबडी, आईस्क्रीम. तापमान उणे वीस. माल हलवायला फोर्कलिफ्ट. मंगळवारी दुपारी तीनला चार नंबरच्या खोलीत सेल्वम नावाच्या चालकाची फोर्कलिफ्ट घसरली. मागचा भाग गर्रकन फिरला, रॅकच्या खांबावर आपटला आणि बांगड्याच्या पेट्या खाली आल्या. एका कामगाराच्या पायावर पडल्या. पाय प्लॅस्टरमध्ये गेला.

"सेल्वम नऊ वर्षं आहे आमच्याकडे. पुदुकोट्टईचा. एक ओरखडा नाही त्याच्या नावावर. पण बॉसला कारण म्हणून चालकाची चूक लिहून हवीय. तसं लिहिलं की त्याचं कामाचं परमिट रद्द आणि विमानाचं तिकीट हातात. शुक्रवारी पाचपर्यंत रिपोर्ट द्यायचाय. मी लिहायचाय."

"तो काय म्हणतो?"

"तिथंच तर घोडं अडलंय. तो म्हणतो, समोरून हॉर्न आला म्हणून ब्रेक मारला. पण समोर कोणी नव्हतं, बाबा. कॅमेऱ्यात दिसतंय. आत शिरताना प्रत्येकाने दारात एकदा हॉर्न द्यायचा, असा नियम आहे. त्या वेळी तीन गाड्या शिरल्या. सेल्वम तिसरा. पहिल्या दोन उजवीकडे वळून गेल्या होत्या. समोरची गल्ली मोकळी. चौथी गाडी चार्जिंगला लावलेली. बॉस म्हणतो, घाबरला आणि आता थापा मारतोय."

निशिकांतरावांचा हात ताटातच थांबला.

"किती हॉर्न ऐकले म्हणतो तो?"

"चार."

त्यांनी तो घास ठेवून दिला. "मला उद्या तिथे घेऊन चल."

"बाबा, सदुसष्ट वय तुमचं. उणे वीस आहे."

"त्याहून वाईटात ट्रकखाली आडवा पडून चाकांना चेन बांधल्यात मी. तीनच्या सुमारास ने. आधी नको, नंतर नको."

गुरुवारी तिने पाहुण्याचा पास काढला. जाड कोट, बूट, टोपी, हातमोजे दिले. बूट निशिकांतरावांनी उलटे करून तळवे बघितले आणि दुसरे मागितले.

चार नंबरच्या खोलीचं दार दोन पुरुष उंच होतं. ते सरकलं की प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा लागे. बाहेरची दमट हवा आत घुसली की तिचं धुकं व्हायचं. ते पडद्याच्या आत कमरेइतकं साचून राही आणि जमिनीवरून हळूहळू पुढे सरकत जाई. त्या धुक्यात गाडीची चाकं दिसत नसत. वर नुसते दिवे आणि माणूस. वरून पंख्यांचा एकसुरी आवाज येई. तो इतका सारखा की थोड्या वेळाने तो ऐकूच येईनासा होई, आणि मग वाटे की कान बंद झालेत.

सेल्वम दारात उभा होता. चाळिशीचा, बारीक, डोळे जागून लाल झालेले. निशिकांतरावांना कामापुरतं तमिळ येत होतं. लडाखच्या खिंडीतल्या कामावर निम्मे सोबती सेलमकडचे होते. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "तंबी, कुठे घसरली?" तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावरून दोन दिवसांचं काहीतरी उतरलं.

"इथे, अय्या." त्याने पडद्याच्या आत बोट दाखवलं.

निशिकांतरावांनी पावलं मोजली. पडद्यापासून नऊ. गुडघे टेकले. वर पांढरी भुकटी होती. पिठासारखी, निरुपद्रवी. त्यांनी हातमोजा काढला, भुकटी बाजूला सारली आणि घराच्या किल्लीने खरवडलं. किल्ली घसरली. खाली काच होती.

"हे रोज खरवडता?"

"सकाळी सातला," अनघा म्हणाली. "रजिस्टरवर सही असते."

"दुपारी?"

"दुपारी नाही."

"दोनला लॉऱ्या लागतात. दार किती वेळ उघडं असतं?"

अनघाने सेल्वमकडे पाहिलं. सेल्वम म्हणाला, "तासभर, अय्या. दाराच्या वरचा, बाहेरची हवा अडवणारा वाऱ्याचा झोत पंधरा दिवस बंद आहे."

"म्हणजे तासभर बाहेरची वाफ आत येणार. पडून गोठणार. वरून तुमची चाकं ती घोटून गुळगुळीत करणार." निशिकांतराव उठले. उठायला त्यांना दोन प्रयत्न लागले. "फावडं आण. दोन माणसं आण. आणि बादल्या."

ते स्वतः खरवडायला लागले. अनघा नको म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. फावडं तिरकं धरायचं, ढकलायचं नाही, उचलायचं. वीस मिनिटं लागली. अडीच बादल्या बर्फ निघाला. सकाळी सातला साफ झालेल्या जागेतून. त्यांनी बादल्या रांगेत लावल्या आणि अनघाला म्हणाले, "फोटो काढ. घड्याळासकट."

मग ते फोर्कलिफ्टभोवती फिरले. अशी गाडी त्यांनी चालवली नव्हती, पण गाडीचं वजन कुठे असतं हे कळल्याशिवाय त्यांना कुठल्याही गाडीजवळ उभं राहवत नसे.

"ब्रेक कुठल्या चाकांना?"

"पुढच्या."

"वळते कुठल्या?"

"मागच्या."

"भरलेली असली की सगळं वजन पुढे. मागची चाकं हलकी. ब्रेक लागला की पुढचं थांबतं, मागचं थांबायला तयार नसतं, फिरून येतं. रिकामी असली की उलटं. वजन मागे, पुढच्या चाकांना पकड नाही, ब्रेक दाबला तरी गाडी सरळ निघून जाते." ते सेल्वमशी मोडक्या तमिळ-इंग्रजीत बोलत होते, पण अनघा लिहून घेत होती. "ट्रक रिकामा असला की आम्ही मागे दगड भरायचो. डोझरला वाटतं साखळपट्टा आहे म्हणजे काही होणार नाही, पण बर्फाच्या काचेवर तो पाटासारखा आडवा सरकतो. जीपवाले सगळ्यांत मूर्ख. चारी चाकं ओढतात म्हणून निघतात लवकर. थांबताना चारी चाकांची जीप काय आणि हातगाडी काय, सारखीच. तू भरलेला होतास ना?"

"भरलेला, अय्या."

"वेग?"

"चालण्याचा. शपथ."

"शपथ नको. कॅमेऱ्यात दिसेल."

तीन वाजायला आले. निशिकांतराव म्हणाले, मंगळवारसारखंच करा. त्याच तीन गाड्या, तोच क्रम, तेवढाच माल. चौथी गाडी चार्जिंगला आहे हे त्यांनी स्वतः जाऊन बघितलं. बॅटरीला हात लावून आले. मग ते आणि अनघा आत, रॅकच्या खांबामागे उभे राहिले. धुकं त्यांच्या कमरेशी आलं.

पहिली गाडी पडद्याशी आली. हॉर्न. पट्ट्या फडफडल्या, गाडी उजवीकडे वळून गेली. दुसरी. हॉर्न. तीही गेली. मग सेल्वम. हॉर्न.

आणि मग चौथा.

तो समोरून आला, गल्लीच्या आतून, जिथे नुसत्या पेट्या होत्या. मोठा नव्हता, पण जवळचा होता. कुणीतरी सहज, नियमाप्रमाणे एकदा द्यावा तसा.

निशिकांतरावांना तो आवाज ओळखीचा वाटला. फोर्कलिफ्टचा नव्हता तो. जुन्या ट्रकचा, थंडीत घसा बसलेला.

"निल्लु!" ते ओरडले. थांब.

सेल्वमने आधीच ब्रेक दाबला होता. गाडी वीतभर सरकून थांबली. मागचा भाग जागचा हलला नाही. पेट्या हलल्या नाहीत.

पंखे चालू होते. धुकं गल्लीत आत सरकत होतं आणि शेवटच्या रॅकजवळ दोन बाजूंना फाटत होतं, जसं काहीतरी मध्ये उभं आहे.

"प्रतिध्वनी असेल," अनघा म्हणाली.

"सेल्वम, परत वाजव," निशिकांतराव म्हणाले.

सेल्वमने वाजवला. एकच आला. पुन्हा वाजवला. एकच.

निशिकांतराव गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. पाऊल सपाट. प्रत्येक रॅकवर हात मारत, मोजत. टोकाला भिंत होती. परत आले. "कोणी नाही," ते म्हणाले. "आता पुढे जाऊ दे."

कँटीनमध्ये त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ ओठांना लावला नाही. समोर अनघा लॅपटॉप उघडून बसली होती.

"बाबा, झालं की. बर्फ सापडला. बादल्यांचे फोटो आहेत, वाऱ्याचा झोत बंद आहे. मी तेवढंच लिहिते. हॉर्नचं नाही लिहीत."

"का?"

"हसतील मला."

"मग त्यांचा प्रश्न राहतोच. समोर कोणी नसताना ब्रेक का मारला? आज फरशी साफ होती. तोच हॉर्न, तोच ब्रेक, गाडी जागेवर थांबली. म्हणजे ब्रेक मारणं बरोबर होतं, चूक बर्फाची. पण हॉर्न काढून टाकलास तर ब्रेक उगाच मारला असं होतं. मग चालकाची चूक."

अनघाने स्क्रीनवरून मान वर केली. मग म्हणाली, "तुम्ही घाबरलात का हो आत? चहा निवलाय तुमचा."

निशिकांतरावांनी कप खाली ठेवला.

"एकतीस वर्षं झाली," ते म्हणाले. "तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं."

खिंडीत वारा सुटला की पुढची गाडी दिसेनाशी व्हायची. मग ताफा थांबायचा आणि गणती व्हायची. पहिल्या गाडीपासून एकेक हॉर्न. शेवटची वाजली की आकडा पुरा, आणि पहिली गाडी निघायची. कमी आले तर थांबायचं. जास्त आले तरी थांबायचं. सगळ्यांनी उतरायचं, दोर धरून मागपर्यंत चालत जायचं, प्रत्येक दारावर हात मारून गाडी मोजायची. एक तास. कमरेइतक्या बर्फात, तोंडावर वारा घेत.

"सात गाड्या होत्या. दुपारचे तीन वाजले असतील. माझी सातवी, शेवटची. सहावी रवींद्र मोऱ्याची. फलटणचा. आम्ही एका स्टोव्हवर जेवायचो. सहा हॉर्न झाले. मी हात उचलला, आणि मी दाबायच्या आत सातवा वाजला."

"कुठून?"

"डावीकडून. दरीच्या बाजूने."

अनघाने लॅपटॉप बंद केला.

"मला वाटलं, कोणीतरी दोनदा दाबला असेल. आकडा तर पुरा झाला होता. मी दाबला असता तर आठ झाले असते, आणि सगळ्यांना उतरून चालावं लागलं असतं. सकाळपासून चार वेळा चेन बांधल्या होत्या. बोटं जाणवत नव्हती. मी हात खाली घेतला. एक तासाची मेहनत वाचवली."

"मग?"

"ताफा निघाला. रवींद्रला वाटलं, तो हॉर्न माझाच. मी त्याच्या डावीकडे आलोय, म्हणजे रस्ता तिकडे रुंद आहे. त्याने गाडी डावीकडे घेतली. मागच्या दिव्यावर त्याने लाल फडकं बांधलेलं असायचं. ते मला दिसलं. डावीकडे गेलं आणि खाली गेलं. आवाज काही झाला नाही. बर्फ सगळं पिऊन टाकतो."

कँटीनमध्ये कुणीतरी ट्रे आपटला. निशिकांतराव दचकले नाहीत.

"चौकशीत साहेबांनी विचारलं, तुझा हॉर्न वाजला होता का? मी म्हणालो, वाजला. मग त्यांनी लिहिलं, चालकाची चूक. खिंडीच्या तोंडाशी कामावर जीव गेलेल्यांचा एक दगड आहे. नावं कोरलेला. रवींद्रचं नाव त्यावर नाही." ते थांबले. "मी निवृत्तीपर्यंत त्या दगडापुढून गाडी नेली. वर्षातून दोनदा."

अनघाने त्यांचा हात धरायला हात पुढे केला, आणि मग तो मागे घेऊन लॅपटॉप उघडला.

"मी बोटांवर मोजत होते," ती म्हणाली. "हातमोज्यात. चार झाले."

"मग चार लिही. खाली माझं नाव लिही, मी सही करतो. पण माझी सही पाहुण्याची आहे, अनू. तुझी लागेल."

शुक्रवारी चार वाजता तिने रिपोर्ट दिला. त्यात अडीच बादल्या होत्या, बंद पडलेला झोत होता, घड्याळासकट फोटो होते. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं: मंगळवारी चालकाने चौथा हॉर्न ऐकून ब्रेक लावला. गुरुवारी त्याच वेळी चौथा हॉर्न दोन साक्षीदारांनी ऐकला. उगम सापडला नाही. चालकाने नियमाप्रमाणे वर्तन केले.

बॉस तो परिच्छेद वाचून थांबला. चष्मा काढला.

"फोर?" त्याने विचारलं.

"फोर," अनघा म्हणाली.

तो हसला नाही. बराच वेळ खिडकीबाहेरच्या लॉऱ्या बघत राहिला. "चेंबर फोर," तो स्वतःशी म्हणाला, आणि सही केली. तो स्वतः वीस वर्षांपूर्वी त्याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवत होता, हे अनघाला त्या दिवशी कळलं.

सेल्वमचं परमिट राहिलं. सोमवारी वाऱ्याचा झोत दुरुस्त झाला. दुपारी दीडला आणि तीनला बर्फ खरवडायचा, असा नियम लागला. त्याखाली आणखी एक ओळ होती, ती निशिकांतरावांनी सांगितलेली. आत जाताना हॉर्न मोजायचे. कमी आले तरी थांबायचं, जास्त आले तरी थांबायचं. उतरायचं आणि हात लावून मोजायचं.

"यात वेळ जाणार," बॉस म्हणाला होता.

"हो," अनघाने सांगितलं होतं. "जाणार."

तेव्हापासून रोज तीनला निशिकांतरावांच्या फोनवर अनघाचा एक शब्द येऊ लागला. *तीन.* कधी *दोन*, गाड्या कमी असल्या तर. ते वाचत, फोन पालथा ठेवत आणि भाजी निवडायला बसत. पाच आठवडे असं चाललं.

सहाव्या आठवड्यात, बुधवारी, शब्द आला: *चार.*

पुढे काही नाही.

निशिकांतराव उठले. घरात कोणी नव्हतं. खिडकीबाहेर उन्हाने बाल्कनीचा कठडा तापला होता, आणि तरीही त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली. त्यांनी फोन केला नाही. मोजणाऱ्याला मध्ये हाक मारायची नसते. ते हॉलमध्ये उभे राहिले, पावलं सपाट, गुडघे जरा वाकवून. डाव्या बाजूला त्यांनी बघितलं नाही.

मग त्यांनी उजवा हात उचलला, समोर स्टिअरिंगच्या उंचीवर हवेत धरला, आणि तळवा खाली दाबला. बराच वेळ दाबून ठेवला.

फोन वाजला तेव्हा खांदा भरून आला होता.

*तीन माणसं, तीन गाड्या. सगळ्यांना हात लावून मोजलं. समोर कोणी नाही. सगळे ठीक. बावीस मिनिटं लागली, बाबा. बॉस चिडलाय.*

त्यांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधून उत्तर लिहिलं.

*लागू देत.*